गर्भाशयमुखाची तुकडा-तपासणी : वेदना कमी, निदान अचूक

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निश्चित निदान तुकडा-तपासणीवाचून होत नाही. परंतु ‘मांस कापतात’ या धास्तीने कित्येक भगिनी तपासणी अर्धवट सोडतात. वस्तुतः हा तुकडा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा असतो. सौम्य ॲसेटिक आम्ल लावले म्हणजे संशयास्पद भाग पांढरा दिसतो; हिन्सेलमान यांनी १९२५ मध्ये जर्मनीत सिद्ध केलेल्या कॉल्पोस्कोप या भिंगयंत्रातून तो न्याहाळून चिमट्याने नेमका तेवढाच अंश घेता येतो. त्याच क्षणी स्त्रीस जोराने खोकावयास सांगावे. टोचून भूल देण्याइतकाच हा उपाय गुणकारी असल्याचे २००८ मधील एका चाचणीत आढळले. आणि त्यास ना खर्च, ना सुई! नंतर दोन-तीन दिवस किंचित रक्तस्राव होतो, हे तिला आधीच सांगावे, तिच्या सासूबाईंनाही. तो वाढल्यास मात्र तातडीने आरोग्य केंद्र गाठावे.