आपले विवरणपत्र आपल्याच हाती

(सेवानिवृत्त शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्यासमोर पणजी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयकराचे विवरणपत्र म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांची पावले आपोआप सल्लागाराच्या कार्यालयाकडे वळतात. फॉर्म १६ त्याच्या टेबलावर ठेवावा, मागेल ती फी द्यावी आणि पोचपावती फाइलीत लावून निश्चिंत व्हावे, असा आपला परिपाठ आहे. व्यापारी आणि ठेकेदार यांना सनदी लेखापालाची गरज आहे व ती राहील. परंतु ज्यांचे उत्पन्न निवृत्तिवेतन आणि ठेवींवरील व्याज एवढेच आहे, त्यांनी ही फी नेमकी कशाची द्यावयाची, याचा विचार अवश्य व्हावा.

आकडेमोडीची तर ती खासच नव्हे. आयकर विभागाने ७ जून २०२१ रोजी नवे संकेतस्थळ सुरू केले. त्यावरील विवरणपत्राची आज्ञावली, ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो, विनामूल्य आहे. पॅन क्रमांक व परवलीचा शब्द देऊन आत गेले की निवृत्तिवेतन, व्याज, कापलेला कर हे आकडे बहुतांशी भरलेलेच आढळतात. आपले काम ते ताडून पाहण्याचे. फॉर्म १६, फॉर्म २६ एएस आणि नोव्हेंबर २०२१ पासून मिळू लागलेले वार्षिक माहिती विवरण हे तीन कागद बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवावेत. ज्या व्याजातून कर कापला गेला नाही ते उत्पन्नच नव्हे, असा एक समज आपल्यात फार रुजलेला आहे; तो सोडून द्यावा. जुनी करप्रणाली घ्यावी की नवी, हेही संकेतस्थळावरील करगणक दोन्ही हिशेब शेजारी मांडून दाखवतो.

मात्र जे आपण सांगत नाही ते यंत्राला कळत नाही, आणि गोमंतकात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार विवाहानंतर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते; विवाहापूर्वी निराळा करार केला असेल तर गोष्ट वेगळी. हे ध्यानात घेऊन १९९४ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ५ अ घातले व ते १ एप्रिल १९६३ पासून लागू झाल्याचे मानले. या कलमाप्रमाणे वेतनाखेरीजचे उत्पन्न, म्हणजे व्याज, घरभाडे इत्यादी, पतिपत्नींमध्ये निम्मेनिम्मे विभागले जाते. खाते एकट्याच्या नावावर असले तरीही! वेतन आणि स्वतःच्या नोकरीचे निवृत्तिवेतन मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहते. (२०२५ च्या आयकर कायद्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे; मी येथे १९६१ च्या कायद्यातील क्रमांक देत आहे.)

याने किती फरक पडतो, ते आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या दरांनी पाहू. एका शिक्षकाचे निवृत्तिवेतन ७,२०,००० रुपये आणि ठेवींचे व्याज १,००,००० रुपये. पत्नीस स्वतःचे उत्पन्न नाही. नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन सर्व व्याज त्याच्याच नावे धरले, तर करपात्र उत्पन्न ७,४५,००० रुपये होते आणि उपकरासह कर २५,४८० रुपये. कलम ५ अ प्रमाणे निम्मे व्याज पत्नीकडे गेले की त्याचे उत्पन्न ६,९५,००० रुपये उरते. सात लाखांच्या आतील उत्पन्नावर त्या वर्षी पूर्ण सूट होती, म्हणून कर शून्य. पत्नीचे ५०,००० रुपये करमुक्त मर्यादेच्या पुष्कळच आत.

आता हा शिक्षक ‘सहज’ नावाच्या सोप्या फॉर्मकडे वळला, तर हे विभाजन दाखवावयास त्यात जागाच नाही. ज्यांचे उत्पन्न कलम ५ अ प्रमाणे विभागावयाचे आहे, त्यांना ‘सहज’ वापरता येत नाही. त्यांनी आयटीआर-२ घ्यावा. पोर्तुगीज नागरी संहिता आपणांस लागू आहे काय, हा प्रश्न त्यात विचारलेला असतो. होय म्हटले की पतीचा वा पत्नीचा पॅन क्रमांक द्यावा लागतो आणि ५ अ चे परिशिष्ट भरावे लागते. व्याजातून बँकेने कर कापला असेल तर त्याचेही दोन वाटे होतात. पत्नीच्या वाट्याचा कर परत मिळवावयाचा असेल तर तिनेही विवरणपत्र भरले पाहिजे. परगावच्या सल्लागारास ही तरतूद ठाऊक असेलच असे नाही. फी देऊनही ती सांगावी आपणच लागते.

‘कर परत मिळवून देतो’ असे सांगणारे काहीजण न दिलेल्या देणग्या आणि न भरलेले विम्याचे हप्ते वजावटीत दाखवतात. विवरणपत्र आपल्या नावाचे असते. उत्पन्नाची खोटी माहिती दिल्यास बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंडाची तरतूद कलम २७० अ मध्ये आहे, आणि तो दंड करदात्यावर बसतो.

शेवटी पडताळणी. विवरणपत्र पाठवल्यावर आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर सांकेतिक अंक येतात. ते नोंदवले की काम झाले. १ ऑगस्ट २०२२ पासून यासाठी मुदत १२० दिवसांवरून ३० दिवसांवर आणलेली आहे. आपला आधारशी जोडलेला क्रमांक अजून चालू आहे ना, एवढे आज घरी गेल्यावर पाहून ठेवावे.