गोवंशाची नोंद : पैदासकार संघटनेचे पहिले कार्य

गाईची एखादी जात केवळ रोगराईने वा दुष्काळाने नष्ट होते असे नाही. पुष्कळदा ती अनिर्बंध संकराने लोप पावते. या धोक्यातून मार्ग काढणाऱ्या संघटनेचा इतिहास ब्राझीलमधील असला, तरी त्यातील गोधन भारताचे आहे.

ब्राझीलच्या मिनास जेराईस राज्यातील उबेराबा परिसरातील पशुपालकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतातून गीर, कांकरेज व ओंगोल जातींची जनावरे नेली. उष्ण हवामान आणि गोचिडांचा उपद्रव सोसणारी ही वशिंडाची जनावरे तेथे उत्तम रुजली. कांकरेजला तेथे ‘गुझेरा’, तर ओंगोलला ‘नेलोर’ हे नाव पडले.

पुढे या जातींच्या मिश्रणातून ‘इंदुब्राझील’ ही जात निर्माण झाली. तिला भाव येताच शुद्ध गाईही संकरासाठी वापरल्या जाऊ लागल्या आणि मूळ जाती धोक्यात आल्या.

उबेराबात १९१९ साली वंशनोंदवही सुरू झाली होती. १९३४ मध्ये तेथील पशुपालकांनी आपली प्रादेशिक संस्था स्थापन केली. १९३८ पासून शासनाच्या मान्यतेने तिने अधिकृत वंशनोंदणी हाती घेतली. १९६७ मध्ये तिचे राष्ट्रीय संघटनेत रूपांतर झाले. तेथे वासराची नोंद जन्मानंतर होते. मात्र जनावर वयात आल्यावर तज्ज्ञाने जातीची लक्षणे तपासल्यानंतरच ती कायम केली जाते. त्यामुळे वळू विकत घेणारा विक्रेत्याच्या शब्दावर नव्हे, तर नोंदीवर विसंबतो.

महाराष्ट्रात खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ अशा नामांकित जाती आहेत. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो जातीची नोंद करतो. परंतु प्रत्येक वासराचे आईबाप कोण, हे गोठ्यातच लिहिले गेले पाहिजे. कानातील बारा अंकी बिल्ल्याने जनावराची ओळख पटते. त्याचा वंश मात्र पैदाशीची नोंद ठेवली तरच कळतो.

म्हणून पैदासकारांची संघटना स्थापन करताना प्रदर्शने व पारितोषिके यांच्या आधी नोंदवहीचा विचार व्हावा. ग्रामपंचायतीने गावातील वळूंची यादी ठेवावी, शिक्षकांनी नोंदी लिहिण्यास साहाय्य करावे आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्या तपासाव्यात. गोवंशाचा अभिमान नोंदीच्या आधारेच टिकतो, हेच उबेराबाच्या अनुभवाचे सार होय.