आठवड्याची खतावणी



जवळा बाजारच्या पेठेतील घरांना वहीचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. रोजमेळ जुळल्याखेरीज गल्ला मिटावयाचा नाही, ही व्यापाऱ्याची जुनी शिस्त. परंतु पै-पैचा हिशोब ठेवणारा गृहस्थ दिलेल्या शब्दांचा हिशोब मात्र स्मरणावर सोपवितो. आईस परभणीस दवाखान्यात न्यावयाचे, मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज भरावयाचा, यांची नोंद कोणत्याच वहीत नसते. हीदेखील उधारीच होय. धनको घरातलेच असल्याने तगादा होत नाही, इतकेच.

अमेरिकन लेखक डेव्हिड ॲलन यांनी २००१ साली ‘गेटिंग थिंग्ज डन’ या ग्रंथात मांडलेली पद्धती पेठेला परकी वाटू नये. मनात घोळणारे प्रत्येक काम प्रथम एका ठिकाणी उतरवावे. ही झाली रोजकीर्द. मग प्रत्येकाची पुढची कृती ठरवून ते योग्य सदरात न्यावे, ही खतावणी. आणि आठवड्यातून एकदा सर्व नोंदी तपासाव्यात; हा ताळा. ‘अर्जाचे पाहणे’ ही नोंद नव्हे. ‘सोमवारी शाळेतून दाखला आणणे’ ही नोंद. मॅसिकॅम्पो व बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रयोगांनी दाखविले, की अपुरे काम मनात डोकावत राहते. मात्र ते केव्हा व कसे करावयाचे हे निश्चित होताच, काम झालेले नसतानाही, मन पुष्कळसे मोकळे होते.

आठवड्याच्या नावात आठ असले तरी दिवस सातच, आणि तेही सगळे हाती नसतात. जे हलविता येत नाही ते आधी लिहावे: आठवडी बाजार, बँकेची सुट्टी, अष्टमी-चतुर्दशी. तिथी वारांशी बांधलेली नसते. म्हणून दर आठवड्यास पंचांग पाहूनच पान आखावे लागते. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरात तर दिवसाची लांबीही बदलते. या भागात जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या आधीच. उन्हाळ्यातील यादी हिवाळ्यात तशीच उतरविली, तर तासाभराची तूट ठरलेली. आणि ती बहुधा स्वयंपाकघरातील स्त्रीच्या वाट्यास येते. यास्तव ही वही दुकानाच्या गादीवर ठेवू नये. घरात, सर्वांच्या हाताशी असावी. मोबाईलवर लिहिले तरी हरकत नाही, पण मग ते एकट्याचेच राहते.

अंदाजाविषयी विशेष सावध राहावे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध केव्हा पुरा होईल, असे विचारण्यात आले. सरासरी उत्तर आले सुमारे ३४ दिवस. सर्वच बिनसले तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५! हळदीच्या वा सोयाबीनच्या हंगामात आडतीवर बसणाऱ्यास याचे आश्चर्य वाटणार नाही. म्हणून पानाचा तिसरा हिस्सा कोरा ठेवणे शहाणपणाचे. पाहुणे, आजारपण आणि सांत्वनाच्या भेटी त्यातच मावतात.

राहिलेले काम ‘मागील बाकी’ म्हणून पुढील पानावर ओढावे. त्यात कमीपणा नाही. मात्र तीनदा ओढलेली बाकी चौथ्यांदा लिहू नये. तिला तारीख द्यावी, दुसऱ्याकडे सोपवावी, अथवा ज्यास शब्द दिला त्याच्या घरी जाऊन ‘हे होणार नाही’ असे स्वतः सांगावे आणि मगच रेघ ओढावी.