टाटांची संस्था आणि कमलाबाई
(तारकर्ली येथील कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणातून)



येथे येताना माडांची दाटी पाहिली आणि नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन करणाऱ्या डॉ. कमलाबाई सोहोनी आठवल्या. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी.

जमशेटजी टाटांच्या दानातून बंगळुरूची विज्ञान संस्था १९०९ साली स्थापन झाली. ती पाहण्यास ते स्वतः हयात नव्हते. कमलाबाईंचे वडील व काका तेथेच शिकले. तरीही १९३३ साली, मुंबई विद्यापीठात प्रथम येऊनही, कमलाबाईंना संचालक सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती! रामन यांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. पण घडले ते लपवूही नये.

कमलाबाई हटल्या नाहीत. वर्षभर परीक्षेवर राहण्याची अपमानास्पद अट त्यांनी पत्करली आणि असे काम केले की रामन यांचेच मत पालटले. संस्थेचे दार मुलींना उघडले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली.

आता या किनाऱ्यावरचे सांगतो. विज्ञानात उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलीने बंगळुरूचे नाव काढले, की ‘एवढ्या लांब कशाला?’ असे प्रथम कोण विचारते? तेथे रामन नसतात. हात वर करा, असे मी म्हणत नाही.