तेलबदलाचीं झटपट दुकानें आणि जुनी व्हॅन

अमेरिकेच्या शहरांतून मोटारीचें जुनें तेल काढून नवें भरून देणारीं स्वतंत्र दुकानें आहेत. तेथें वेळ आगाऊ ठरवावी लागत नाहीं. गाडी आंत न्यावी, खालच्या खड्ड्यांतील माणसानें जुनें तेल सोडावें, वरच्यानें नवें ओतावें, आणि थोड्याच मिनिटांत गाडी बाहेर पडावी, असा तेथील क्रम असतो. ही चपळाई कौतुकास्पद खरी. परंतु येणाऱ्या बहुतेक गाड्या सारख्या रचनेच्या असतात, म्हणूनच ती साधते. एका यत्तेच्या वर्गास एक धडा पुरतो. त्या वर्गांत निराळ्या यत्तेचा मुलगा येऊन बसला, तर दोष त्याचा नसतो आणि गुरुजींचाही नसतो, पण धडा मात्र वायां जातो.

जुनी व्हॅन ही अशीच निराळ्या यत्तेची असते. फोक्सवॅगन कारखान्याची व्हॅन १९५० सालीं जर्मनींत निघूं लागली व पुढें अमेरिकेंत पुष्कळ खपली. हौशी लोकांनीं त्यांतील कित्येक गाड्या अद्याप जपल्या आहेत. १९७१ पर्यंतच्या ह्या व्हॅनचें इंजिन पाठीमागें असून तें पाण्यानें नव्हे, तर हवेनें थंड होतें. आणि त्या कामीं तेलाचाही मोठा वांटा असतो. ह्या इंजिनांत तेल राहतें अवघें अडीच लिटर. हल्लींच्या पुष्कळ गाड्यांस चार-पांच लिटर लागतें. नेहमींच्या संवयीनें तितकें ओतलें गेलें, तर तें फेसाळतें, सांध्यांतून बाहेर पडतें आणि इंजिनाची हानि होते.

दुसरी गोष्ट गाळणीची. आजच्या गाडींत तेल गाळणारा डबा बदलावयाचा असतो. ह्या इंजिनांत तसा डबाच नाहीं. तळाशीं सहा लहान नटांनीं बसविलेली एक वाटोळी झांकणी असते व तिच्यावर तारेच्या जाळीची गाळणी. ती काढून धुवावी, तिच्या दोन्ही बाजूंचीं गॅस्केटें नवीं घालावीं आणि नट हलक्या हातानें आवळावे. मोठ्या पान्यानें जोर केला, तर इंजिनाच्या मऊ धातूंतील आटे उखडतात, आणि वांचविलेलीं दहा मिनिटें मोठ्या दुरुस्तीच्या खर्चानें भरून द्यावीं लागतात.

मग अशा मालकानें ह्या दुकानांत पाऊलच टाकूं नये काय? तसें नाहीं, मात्र आधीं फोन करून गाडीचें वर्ष व इंजिनाचा प्रकार सांगावा. ‘असें काम आम्हीं केलेलें नाहीं,’ असें उत्तर आल्यास रागावूं नये; खरें सांगणारा माणूस फुशारकी मारणाऱ्यापेक्षां बरा. काम पत्करलें गेलें, तर गॅस्केटें बरोबर न्यावीं आणि तेलाचें माप व जात कागदावर लिहून कामापूर्वींच हातांत द्यावी. गिअरपेटीचें तेल निराळें असतें व तें सोडण्याचा बोल्टही निराळा असतो, हेंही बजावावें. हवेची कागदी गाळणी बदलण्याचा आग्रह झाला, तर ह्या इंजिनांत हवा तेलाच्या भांड्यांतून गाळली जाते, असें सौम्यपणें सांगून नकार द्यावा. खड्ड्यांतील तरुण कामगार घाईनें बांधलेला असतो. त्याच्याशीं उर्मटपणें बोलून गाडीचें भलें होत नाहीं.

काम संपल्यावर लगेच इंजिन सुरूं करूं नये. आधीं तेलाची पट्टी ओढून तेल दोन खुणांच्या मध्यें आहे कीं नाहीं हें पाहावें. मग इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावें, कांहीं मिनिटें थांबून पुन्हां पाहावें, आणि झांकणीपाशीं थेंब गळतो कीं काय, हें वांकून तपासावें. घरीं गेल्यावर दुसऱ्या दिवशीं गाडीखालची जमीन पाहण्यास विसरूं नये.

ह्या इंजिनाचें तेल साधारण दर तीन हजार मैलांनीं बदलावें लागतें. इतक्या वेळां काळजी वाहण्यापेक्षां कित्येक मालक तें काम स्वतःच शिकून घेतात. त्यास लागतात एक भांडें, दोन पाने आणि सुटीची एक सकाळ. ज्यास तें जमत नाहीं, त्यानें निदान आपल्या गाडीचें माप तरी पाठ करावें. नव्या गाडीची माहिती दुकानदारास असते. जुन्या गाडीची मालकालाच ठेवावी लागते.