चाकावरचे घोडे आणि इंजिनातले घोडे
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा संक्षेप)



गणरायाला वंदन करून सुरुवात करतो. बुद्धीच्या देवतेपुढे मोटारीच्या इंजिनाबद्दल बोलायचं, याची काहींना गंमत वाटेल. पण आपल्या घरांतली मुलं आता स्पोर्ट्‌स कार, ट्यूनिंग, डायनो हे शब्द सहज वापरतात. गाडी डायनोवर चढवायची, छापील कागद घ्यायचा आणि ‘माझी गाडी अडीचशे हॉर्सपॉवरची’ असं मित्रांना सांगायचं. त्या कागदाच्या भरवशावर ट्यूनिंगचे पैसे मोजले जातात, जुन्या गाडीची किंमत ठरते. म्हणून तो कागद वाचायचा कसा, एवढंच आज सांगतो.

हॉर्सपॉवर हे माप जेम्स वॉटने रूढ केलं. मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याची शक्ती म्हणजे एक हॉर्सपॉवर, आजच्या भाषेत सुमारे ७४६ वॉट. युरोपातला मेट्रिक घोडा, म्हणजे पीएस, थोडा लहान आहे, सुमारे ७३५.५ वॉटचा. त्यामुळे २०० बीएचपी आणि २०३ पीएस ही जवळजवळ एकच शक्ती. दोन कागद शेजारी ठेवताना आधी एकक पाहावं.

बीएचपीमधला ‘बी’ म्हणजे ब्रेक. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. शेतावरच्या तसल्या इंजिनाचा शाफ्ट आणि चाक उघडंच असतं. त्यावर दोर गुंडाळायचा, एका टोकाला वजन, दुसऱ्याला स्प्रिंग बॅलन्स. किती ओढ बसते आणि मिनिटाला किती फेरे होतात, यावरून शक्ती काढता येते. मेकॅनिकल शिकलेल्यांना हा रोप ब्रेकचा प्रयोग आठवत असेल.

मोटारीत इंजिन असं हाताशी येत नाही. ते आणि रस्ता यांच्यामध्ये क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, अ‍ॅक्सल आणि टायर असतात. कारखाना इंजिन वेगळं टेस्ट बेडवर चढवून क्रँकशाफ्टवर शक्ती मोजतो. ट्यूनिंगवाल्याचा डायनो मात्र चाकाखालच्या रोलरवर मोजतो. म्हणून डायनोचा आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी येतो, आणि तो तसा यायलाच हवा.

मग इंजिनाची शक्ती किती? सर्रास सांगितलं जातं की वाटेत १५ टक्के जातात, तेवढे मिळवा. समजा चाकावर १७० हॉर्सपॉवर आली. १५ टक्के घट धरली तर इंजिन २०० चं, २० टक्के धरली तर साडेबाराने जास्त. गाडी तीच, मोजणी तीच. बदलला तो फक्त आपण गृहीत धरलेला टक्का. हातात पडणाऱ्या पगारावरून सगळ्यांचा मूळ पगार एकाच टक्क्याने काढावा, तसाच हा हिशेब.

शिवाय ही घट एका टक्क्यात बसत नाही. गिअरच्या दात्यांमधलं घर्षण भाराबरोबर वाढतं; पण तेल घुसळण्यात आणि बेअरिंगमध्ये जाणारी शक्ती मुख्यतः वेगावर अवलंबून असते. समजा या गाडीत घट म्हणजे ठरावीक २० हॉर्सपॉवर अधिक इंजिनाच्या शक्तीच्या ५ टक्के. २०० च्या इंजिनाला ती ३० होते, चाकावर १७० येतात. ट्यूनिंगनंतर चाकावर २२० आले, तर इंजिन सुमारे २५३ चं. १५ टक्क्यांच्या सूत्राने मात्र ते २५९ चं होतं. हे वरचे सहा घोडे फक्त कागदावर धावतात.

काही डायनो जोर लावून झाल्यावर गाडी मोकळी सोडतात आणि रोलर किती भराभर मंदावतात, यावरून घट काढतात. डोळे झाकून टक्का धरण्यापेक्षा हे बरं. पण त्या वेळी गिअरवर इंजिनाचा भार नसतो, म्हणून भारामुळे होणारी घट त्यात पुरती सापडत नाही.

आता आपल्या हवेचं पाहू. हुबळी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, धारवाड आणखी थोडं वर. इथली हवा पणजीपेक्षा विरळ, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाला इथे प्राणवायू कमी मिळतो आणि शक्ती घटते. अनमोड घाट उतरून गोव्यात गेलं की तीच गाडी जास्त जोर लावते. म्हणून डायनो तापमान आणि हवेचा दाब पाहून आकडा दुरुस्त करतो. टर्बो इंजिन मात्र हवेची ही उणीव बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतं. त्याला तीच दुरुस्ती लावली, तर आकडा उगाच फुगतो.

आकडे फुगवण्यात मोठ्या कंपन्याही मागे नव्हत्या. अमेरिकेत पूर्वी पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर अशी सामग्री न लावता इंजिन मोजत. १९७१ च्या साध्या कॉर्व्हेटची शक्ती त्या पद्धतीने २७०. १९७२ साली सगळी सामग्री लावून मोजलेली शक्ती जाहीर झाली, ती २००. आणि १९९९ साली फोर्डच्या मस्टँग कोब्राची जाहीर शक्ती होती ३२०. मालकांना डायनोवर तेवढा जोर दिसेना. तक्रारी वाढल्या, कंपनीने विक्री थांबवली आणि विकलेल्या गाड्या बोलावून त्यांचे भाग बदलून दिले. चाकावरच्या मोजणीत एवढं बळ आहे.

तेव्हा तरुण मित्रहो, कागद हातात आला की चार गोष्टी विचारा. आकडा चाकावरचा की इंजिनाचा? एकक कोणतं? हवेची दुरुस्ती लावली का, कोणती? घट मोजली की धरली? ट्यूनिंगचा फायदा पाहायचा असेल, तर आधी आणि नंतर त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून मोजा. मग चाकावर वाढलेली शक्ती तुमच्या पैशाचा खरा हिशेब सांगेल. आणि गाडी विकताना चाकावरचाच आकडा सांगा. इंजिनाचा सांगायचाच असेल, तर त्यापुढे ‘अंदाजे’ हा शब्द जोडा. घेणारा बहुधा आपल्याच ओळखीतला असतो.

 गणपती बाप्पा मोरया!