‘डॉक्टर, जरा विचित्रच आहे, पण…’

कुत्र्याला ताप आला, उलट्या झाल्या, कान दुखतो आहे, हे सगळं लोक दवाखान्यात मोकळेपणानं सांगतात. एक तक्रार मात्र अशी आहे, की ती तपासणी संपल्यावर, पैसे देऊन झाल्यावर, अगदी दाराशी पोचल्यावर आवाज खाली आणून सांगितली जाते. ‘‘डॉक्टर, जरा विचित्रच आहे, पण आमची स्वीटी स्वतःची शी खाते हो.’’ सोबत आलेला मुलगा लगेच दुसरीकडे बघू लागतो. घरात आजींना अजून पत्ता नसतो. कळलं तर कुत्री घरात राहणार नाही, ही भीती असते आणि ती खोटी नसते. या एका सवयीपायी वर्षा-दोन वर्षांची धडधाकट कुत्री ‘गावाला, ओळखीच्यांच्या वाडीवर’ पाठवली जातात. ती नेमकी कुठे जातात, हे मग कोणी फारसं विचारत नाही. म्हणून आज याच विषयावर बोलायचं ठरवलं. श्रोत्यांपैकी कोणी जेवायला बसले असतील, तर त्यांनी आधी जेवून घ्यावं.

नेरूळसारख्या ठिकाणी ही तक्रार जास्त कानावर येते, याला कारण आहे. इथे सिडकोच्या इमारतींतल्या एक-दोन खोल्यांच्या घरांत पाळायला सोयीची म्हणून लहान कुत्री आणली जातात. पूर्वी पॉमेरेनियन असायचा. २००३ साली हचच्या जाहिरातीत मुलाच्या मागेमागे जाणारा पग दिसला आणि घरोघरी पग आले. आता शिह त्झू आहेत. शिरवणे, सारसोळे, करावे या जुन्या गावांतलं गावठी कुत्रं दिवसभर मोकळं फिरतं. ते काय खातं हे कोणी पाहत नाही. फ्लॅटमधलं कुत्रं मात्र गॅलरीत, वर्तमानपत्रावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हा प्रकार करतं. सवय दोघांनाही असू शकते, दिसते एकाचीच.

पहिली गोष्ट म्हणजे, ही विकृती नाही. पिल्लं झाल्यावर कुत्री पहिले तीन आठवडे त्यांची घाण स्वतः चाटून जागा स्वच्छ ठेवते. तिला आपण चांगली आई म्हणतो. ज्यांचं लहानपण खेड्यात गेलं, त्यांना आठवत असेल, तान्ह्या मुलानं अंगणात बसकण मारली की हाक न मारता कुत्रं हजर व्हायचं. माणसाच्या वस्तीजवळ टाकलेल्यावर जगता जगताच या प्राण्याचा कुत्रा झाला, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या टाकलेल्यात भाकरीच्या तुकड्यांबरोबर गोदरीही आली. ससा तर स्वतःच्या मऊ लेंड्या रोज खातो. त्या मिळाल्या नाहीत तर आजारी पडतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेतले बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली या सवयीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन पाहण्यांत मिळून सुमारे तीन हजार कुत्र्यांच्या मालकांना त्यांनी प्रश्न विचारले. शंभरातली सोळा कुत्री हे वारंवार करणारी निघाली. म्हणजे सहांत एक. तेव्हा स्वीटीच्या घरच्यांनी मान खाली घालण्याचं कारण नाही. त्यांच्याच इमारतीत आणखी दोन-तीन स्वीटी सापडतील. ही कुत्री बहुतेक वेळा दोन दिवसांच्या आतली, ताजी शीच खातात, असंही दिसलं. हार्ट यांचा तर्क असा, की हा लांडग्यांकडून आलेला वारसा आहे. विष्ठेतली जंतांची अंडी पडल्या पडल्या अपाय करत नाहीत, ती काही दिवसांनी पक्व होतात. त्याआधीच गुहेतली घाण खाऊन टाकली, तर कळपाचं रक्षण होतं. हा तर्कच आहे, पण मला तो पटतो. खादाड, ताटलीवर तुटून पडणारी कुत्री यात जास्त होती, हे तर आम्ही रोजच बघतो.

आता आजाराचं. मोठ्या कुत्र्यानं ही सवय एकाएकी धरली, तर मात्र दवाखाना गाठावा. जंत झालेले असतील, मधुमेह असेल, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूक खवळलेली असेल. भरपूर खाऊनही वजन घटतंय आणि शी ढीगभर, फिकट, तेलकट होतेय, तर स्वादुपिंड तपासायला हवं. अन्न पचतच नसतं. आणि कधी कधी कारण साधं असतं. ‘लहान जीव आहे, किती खाणार’ म्हणून पिल्लाला दिवसातून दोनदा दूध-पोळी आणि वर ग्लुकोजची बिस्किटं दिली जातात. त्यानं पोट भरतं, पण वाढीला लागणारी प्रथिनं मिळत नाहीत. वाढत्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, त्याच्या वयाला योग्य असं खाणं हवं.

पण बहुतेक घरांत सवय पक्की होते ती आपल्या वागण्यामुळे. नवरा-बायको सकाळी आठची लोकल पकडतात, कुत्रं दहा तास एकटं. कंटाळा येतो, समोर शी पडलेली असते. संध्याकाळी दार उघडताच आरडाओरडा होतो, कुणी त्याचं नाक शीत घासतं, कुणी वर्तमानपत्राची सुरळी मारतं. कुत्र्याला यातून ‘शी खाऊ नये’ हा अर्थ कळत नाही. शी दिसली की मार बसतो, एवढं कळतं, आणि मग मालक यायच्या आत ती नाहीशी करायला ते शिकतं. मारून ही सवय सुटलेली मी पाहिलेली नाही. तिखट टाकणं तर क्रूरपणाच आहे. अननस, पपई, हळद हे उपाय सांगणारे प्रत्येक बागेत भेटतात. बाजारातल्या गोळ्या-पावडरींबद्दल हार्ट यांच्या अभ्यासात मालकांनी जे सांगितलं, त्यात यश शंभरात शून्य ते दोन एवढंच होतं. तेवढ्या पैशांत कुत्र्याला उकडलेली अंडी घाला.

मग करायचं काय? शी उरू द्यायची नाही. खाल्ल्यावर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात आतड्याला चालना मिळते, तेव्हा खाण्याची वेळ ठरवा आणि त्यानंतर लगेच कुत्र्याला पट्टा लावून खाली न्या. पट्टा सैल सोडू नका. त्याचं आटोपलं की वळून वास घेण्याआधीच आनंदानं हाक मारा आणि तुमच्याजवळ आल्यावर आवडीचा खाऊ द्या, चिकनचा बारीक तुकडा असला तर उत्तम. काही आठवड्यांत ते आटोपलं की आपणहून तुमच्याकडे बघू लागतं. मग कागदानं उचलून पिशवीत टाका. शेजाऱ्यांवरही उपकार होतील. घरात कोणी नसतं त्या वेळेसाठी दुपारी खाली नेणारं माणूस ठेवा. दुसरं, ‘सोड’ हा शब्द शिकवा. बंद मुठीत खाऊ धरा. कुत्रं चाटेल, पंजा मारेल, तिकडे लक्ष देऊ नका. ज्या क्षणी ते तोंड मागे घेईल, त्या क्षणी ‘सोड’ म्हणून दुसऱ्या हातातला खाऊ द्या. घरात पक्कं झालं की रस्त्यावर वापरा. हे कंटाळवाणं काम आहे आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीनं करायला हवं. बाबा शिकवतात आणि दादा ओरडतो, असं चालत नाही.

स्वतःची ताजी शी खाण्यानं कुत्र्याला सहसा काही होत नाही. धोका आहे तो दुसऱ्या कुत्र्यांच्या घाणीत. त्यातून जिआर्डिया येतो, लस अपुरी असलेल्या पिल्लाला पार्व्हो होऊ शकतो. त्याचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. गोल जंतांची मातीतली अंडी मुलांच्याही पोटात जातात. म्हणून जंताचं औषध वेळापत्रकाप्रमाणे द्या, कुत्र्याला मुलांचं तोंड चाटू देऊ नका आणि खेळून आल्यावर मुलांचे हात साबणानं धुवा.

राहता राहिली मांजराची शी. तिच्यात प्रथिनं भरपूर म्हणून कुत्र्याला ती फार आवडते, आणि सोसायटीच्या आवारातली मांजरं काही आपल्या हातात नसतात. ‘सोड’ पक्कं होईपर्यंत अशा कुत्र्याला फिरताना जाळीचं मुसकं घालता येतं, मात्र त्यात त्याला तोंड उघडून धापता आलं पाहिजे. पग किंवा शिह त्झूला ते घालू नका. या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना मुंबईच्या उकाड्यात श्वास आधीच पुरत नाही. त्यांच्यासाठी आखूड पट्टा आणि दुसरा रस्ता हेच बरं.